पंपासचे पाच ठोंब

एका गावात एक भोळा माळी होता. सखाहरी त्याचं नाव. भोळा म्हणजे किती भोळा, तर सांगितलेलं काम तो सांगितलं तस्संच करायचा. त्यातला एक शब्द गाळायचा नाही आणि पदरचा एक शब्द घालायचा नाही. सांगितलं तसं करणारा माणूस जगाला हवा असतो, असं सगळे म्हणतात. साफ खोटं आहे ते. जगाला हवा असतो सांगितलेलं सोडून मनातलं ओळखणारा माणूस. आणि दुसऱ्याच्या मनातलं सखाहरीला जन्मात कधी दिसलं नव्हतं.

गिरणीवाला त्याला म्हणाला होता, जरा गिरणीकडं बघ, मी जेवून येतो. सखाहरी गिरणीकडं बघत बसला. पट्टा तुटला, तो त्यानं बघितला. ज्वारी जमिनीवर सांडली, तीही बघितली. हलवायानं दूध चुलीवर ठेवलं आणि उतू जाऊ देऊ नकोस म्हणून बजावलं. सखाहरीनं पातेलं मोरीत पालथं केलं. दूध काही उतू गेलं नाही. अशी सहा कामं गेली.

तरी तो मुळीच बेपर्वा नव्हता हो. उलट फार मनावर घ्यायचा. कुणी काही शिकवलं की खांद्यावरच्या उपरण्याला एक गाठ मारायचा, म्हणजे विसरायला नको. गाठ कुठली आणि कशाची हे त्याला बरोबर आठवायचं. ती कुठं सोडायची, एवढंच कळायचं नाही.

त्याची बायको हौसा. ती शहाणी होती, कारण त्या घरात कुणीतरी शहाणं असणं भाग होतं. सातवं काम मिळालं तेव्हा तिनं नवऱ्याला समोर बसवलं.

"आवं, ह्ये सातवं. ह्ये बी गेलं तर मी भावाकडं निघाली. तुमी आन तुमचं उपरणं ऱ्हावा हितं."

सखाहरीनं गाठ मारायला उपरणं हातात घेतलं, तेव्हा ती म्हणाली की ह्याला गाठ नको, हे तसंच ध्यानात ठेवा.

सातवं काम कारखानीससाहेबांच्या बंगल्यावर होतं. कारखानीससाहेब पाटबंधाऱ्यातले निवृत्त इंजिनियर. चाळीस वर्षं त्यांनी पाणी कुठं जावं ते ठरवलं होतं. आता डोंगराच्या पायथ्याशी बंगला बांधून फुलं कुठं यावीत ते ठरवत होते. बाग चांगली होती. दुःख एकच होतं. जिल्हा बागप्रेमी मंडळाचा चांदीचा चषक दर दोन वर्षांनी आश्विनात दिला जायचा, आणि लागोपाठ तीनदा तो शेजारच्या घोरपडे वकिलांकडं गेला होता. वकिलांनी तिन्ही चषक खिडकीत मांडले होते. खिडकी साहेबांच्या बंगल्याकडं उघडणारी. साहेबांना सकाळचा चहा त्या खिडकीसमोर घ्यावा लागे आणि तो गोड लागत नसे.

साहेबांनी सखाहरीला पुढच्या चषकापर्यंतच्या बोलीवर ठेवलं. चषक आला तर काम कायम, शिवाय बंगल्यामागची खोली राहायला. नाही आला तर रस्ता मोकळा. मग त्यांनी पहिल्या दिवशीची पहिली आज्ञा दिली. बागेत गवत दिसलं की मुळासकट उपटायचं. विचारायला यायचं नाही.

"कळलं?"

"कळलं," सखाहरी म्हणाला आणि पहिली गाठ मारली.

श्रावणात साहेब पुण्याला गेले आणि पंपास घेऊन आले. पंपास म्हणजे शोभेचं गवत. दक्षिण अमेरिकेतलं. पुरुषभर उंच वाढतं, वर पांढरे तुरे येतात, एकदा लावलं की वर्षानुवर्षं टिकतं. बागेच्या मागच्या कडेला उभं केलं की पुढची फुलं उठून दिसतात. पुण्यातल्या बागसल्लागार बाईंनी सांगितलं होतं की ठोंब तीन लावा नाहीतर पाच, चार लावले तर बाग गावठी दिसते. साहेबांनी पाच घेतले. गाडीत मागच्या सीटवर बसवले, त्यांना पट्टा लावला, एसी चालू केला. नलिनीबाई, म्हणजे साहेबांच्या बायको, पुढं बसून शाल पांघरून आल्या. त्यांना सर्दी झाली, पण ठोंब टवटवीत पोचले. दिवस मावळता साहेबांनी ते स्वतःच्या हातानं लावले.

सकाळी सखाहरी कामावर आला. बागेत गवत दिसलं. त्यानं ते मुळासकट उपटायला घेतलं. विचारायला गेला नाही. साहेब दात घासत बाहेर आले तेव्हा दोन ठोंब हौसाच्या शेळीच्या पोटात गेले होते आणि तिसऱ्याला सखाहरीनं हात घातला होता.

साहेबांच्या तोंडात पेस्ट होती म्हणून बरं. ती थुंकेपर्यंत निम्मा राग गेला. मग त्यांनी समजावून सांगितलं की बाबा रे, हे गवत नव्हे, हा पंपास आहे. उंच वाढतो. उंच वाढणाऱ्याला हात लावायचा नाही, वाढू द्यायचं. एवढं साधं कळत नाही?

"आता कळलं," सखाहरी म्हणाला. दुसरी गाठ मारली.

घरी हौसानं विचारलं की हा पंपास असतो तरी कसा. सखाहरीनं हातवारे करून सांगितलं. हौसा म्हणाली, असलं तर आपल्या डोंगरावर ओढ्याच्या कडंनं ढीगभर आहे, पांढऱ्या तुऱ्याचं. मग फरक काय?

"सायबाचं गाडीतनं आलंय," सखाहरी म्हणाला. दोघांनाही हा फरक पटला.

पुढं भादव्यात फाटकाशी गाजरगवत उगवलं. बघता बघता गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं. सखाहरीनं ओळखलं की हे उंच वाढणारं आहे. त्यानं हात लावला नाही. वाढू दिलं. वारं सुटलं की वाकायचं, म्हणून काठ्या लावल्या, सुतळीनं बांधलं. शेणखत घातलं. गाजरगवताला आजवर कुणी शेणखत घातलं नव्हतं. ते छातीला लागलं. नलिनीबाईंना शिंका सुरू झाल्या, त्या थांबेनात. पोस्टमन पत्र फाटकावरून भिरकावू लागला. शेवटी एक दिवस फाटकच उघडेना, तेव्हा साहेबांनी जवळ जाऊन पाहिलं.

या वेळी तोंडात पेस्ट नव्हती. पूर्ण राग झाला. तो संपल्यावर साहेबांनी नियम नीट घालून दिला. जे आपलं आपण आलंय, ते धरून बाहेर काढायचं. मी स्वतः आणलंय, तेवढंच आत ठेवायचं. एवढं साधं कळत नाही?

"आता कळलं." तिसरी गाठ.

त्यानं गाजरगवत उपटून बंगल्यामागच्या खताच्या खड्ड्यात टाकलं. काम चोख झालं. आठवडाभर सगळं शांत होतं.

दिवाळीला नलिनीबाईंचे भाऊ आले. मधुसूदनराव त्यांचं नाव. बहिणीला अचानक जाऊन चकित करावं म्हणून एसटीनं आले. एका हातात अनारशांचा डबा, दुसऱ्या हातात बॅग. हे मधुसूदनराव साधेसुधे मेहुणे नव्हते. जिल्हा बागप्रेमी मंडळाचे ते चिटणीस होते, आणि साहेब वर्षभर त्यांचीच वाट पाहत होते. पण त्या वेळी साहेब आणि बाई बाजाराला गेले होते. फाटकात सखाहरी होता.

त्यानं अदबीनं विचारलं, "तुमास्नी सायबानी आणलं का?"

मधुसूदनराव मानी होते. "मला कोण आणणार? माझा मी आलो."

सखाहरीला एवढंच हवं होतं. त्यानं आधी बॅग उचलली, मग डबा उचलला, मग मधुसूदनरावांना बखोटीला धरून उचललं. आता बाहेर काढलेलं कुठं टाकायचं ते त्याला ठाऊक होतंच. साहेब बाजारातून परतले तेव्हा चिटणीस खताच्या खड्ड्यात कमरेएवढ्या गाजरगवतात उभे होते आणि मिनिटाला चार शिंका देत होते. अनारसे शेळीनं खाल्ले.

मेहुणे त्याच एसटीनं परत गेले. साहेबांनी सखाहरीला तिथंच हाकललं असतं, पण नवा माळी आणि नव्यानं सगळं शिकवणं त्यांच्या जिवावर आलं. त्यांना वाटायचं की ह्याला निदान अर्धं शिकवून झालंय. ते म्हणाले, अरे, पाहुणा आला की त्याला सावलीत बसवावं. आधी पाणी द्यावं. मग चहा. पाणी संपलं की पुन्हा पाणी. एवढं साधं कळत नाही?

"आता कळलं." चौथी गाठ.

हिवाळ्यात साहेब पुन्हा पुण्याला गेले आणि पंपासचे दोन नवे ठोंब घेऊन आले, पाच भरायला. खरं तर उरलेले तीन चालले असते, सल्लागार बाई तसं म्हणाल्याच होत्या. पण घोरपडे वकिलांकडं तीन पाम होते. साहेबांना त्याच पावली एका लग्नाला जायचं होतं, आठ दिवसांसाठी. त्यांनी गाडीतून ठोंब सखाहरीच्या हातात दिले आणि प्रेमानं म्हणाले, "जपून. परदेशी पाहुणे आहेत ते."

सखाहरीनं चौथी गाठ चाचपली. पाहुण्यांना ओसरीवर सावलीत नेलं, दोघांना दोन खुर्च्या दिल्या. पाणी दिलं. चहा दिला, साखर बेताची घातली. पाणी संपलं की पुन्हा पाणी दिलं. मग त्याच्या मनात आलं की ह्यांचेच तीन गाववाले श्रावणापासून बाहेर उन्हात उभे आहेत, त्यांना कुणी पाण्याचं विचारलं नाही, हे काही बरं दिसत नाही. त्यानं तेही खणून काढले आणि ओसरीवर आणून बसवले. आठ दिवस पाचही पाहुण्यांची त्यानं अशी सरबराई केली की स्वतःला जेवायला वेळ मिळाला नाही.

आठ दिवसांनी ओसरीला कुजट वास सुटला. ठोंब हातात धरला की लगदा होऊन खुर्चीवरच राहायचा. पाचांतला एकच जगला, तो चहा न आवडलेला असावा.

साहेब खुर्चीत बसायला गेले आणि उठले. त्यांचा आवाज घोरपड्यांच्या खिडकीपर्यंत गेला. अरे, याला पाणी सोसत नाही. याला भर उन्हात उभं करायचं. पाणी द्यायचं नाही. ढुंकून बघायचं नाही. जितकं दुर्लक्ष होईल तितकं ह्याचं भलं.

सखाहरी बुचकळ्यात पडला. नीट समजून घ्यावं म्हणून त्यानं विचारलं, "म्हंजी सायेब, पाव्हण्याला पाणी द्यायाचं न्हाय?"

"नाही द्यायचं," साहेब ओरडले. रागात माणूस काय बोलतो ते तो स्वतः ऐकत नाही. सखाहरी ऐकत होता. त्यानं पाचवी गाठ मारली, आणि चौथी सोडून टाकली.

साहेबांनी तिसऱ्यांदा पुणं गाठलं. चार ठोंब आणले. बागसल्लागार बाई आता त्यांना दारापर्यंत सोडायला यायला लागल्या होत्या.

चैत्रात साहेबांनी मेहुण्यांना मनधरणीचं लांबलचक पत्र लिहिलं. मधुसूदनराव विरघळले आणि आले. या वेळी बोलावण्यावरून आले होते, हातात पत्र होतं. सखाहरीनं पत्र पाहिलं, हात जोडले आणि त्यांना फाटकाशी फरशीवर भर उन्हात उभं केलं. दुपारचे बारा वाजले होते. साहेब देवपूजेत होते. मेहुणे म्हणाले, बाबा, जरा पाणी मिळेल का. सखाहरीनं मान फिरवली. मेहुणे जरा मोठ्यानं म्हणाले. सखाहरी पाठमोरा झाला. ते सावलीकडं सरकले की तो मागं न बघता हात लांब करून त्यांना परत उन्हात घ्यायचा. साहेबांची पूजा साग्रसंगीत असायची. आरतीच्या घंटेला मेहुणे खाली बसले ते आडवेच झाले. नलिनीबाईंनी कांदा हुंगवून त्यांना शुद्धीवर आणलं. डोळे उघडल्यावर त्यांनी आधी माळी कुठं आहे ते विचारलं.

साहेब आता थकले होते. त्यांनी सखाहरीला अंगणात खाली बसवलं, स्वतःही बसले आणि हात जोडले. म्हणाले, बाबा, मधुसूदनराव म्हणजे मंडळ. मंडळाच्या हातात चषक. चषकावर माझी अब्रू आणि तुझी भाकरी. तेव्हा मंडळाच्या माणसाच्या तोंडून शब्द निघाला की तो झेलायचा. लगेच. जागच्या जागी. मला विचारायला यायचं नाही.

"आता कळलं," सखाहरी म्हणाला, आणि ही गाठ त्यानं दुहेरी मारली.

वैशाखात साहेब आणि बाई मुलाकडं अमेरिकेला निघाले. तीन-चार महिने लागणार होते. जाताना साहेबांनी पंपासकडं बोट केलं. पाचही ठोंब गुडघ्याला लागले होते. "मी येईन तेव्हा हे डोक्याच्या वर दिसले पाहिजेत. नाही दिसले तर तूही दिसायचा नाहीस."

सखाहरीनं पाचवी गाठ पाळली. पंपासला पाणी घातलं नाही. ढुंकून बघितलं नाही. बाकी बागेला पाणी घालायचा, तिकडं आला की डोळे मिटून पुढं जायचा. दोनदा गुलाबात पडला. वैशाख गेला, जेठ आला. बंगल्याची झाडलोट हौसाकडं होती, किल्ल्यांचा जुडगाही तिच्याकडंच असायचा. एक दिवस ती अंगण झाडायला आली आणि तिला मागच्या कडेला पाच ठिकाणी वाळलेली काडी दिसली. तिनं एक हलकेच ओढली. ती मुळासकट हातात आली आणि हातात भुगा झाली.

हौसा त्या काड्यांशेजारीच खाली बसली. डोळ्यांसमोर भावाचं घर आलं, भावजयीचं तोंड आलं. ती घाबरली, खरंच घाबरली. भावाकडं जाईन म्हणणं वेगळं आणि बोचकं बांधणं वेगळं. मग तिनं मान वर केली तर समोर डोंगर होता. ती उठली.

"कुदळ घ्या," ती नवऱ्याला म्हणाली.

दोघं ओढ्यानं वर चढली. तुऱ्याचं गवत तिथं मनमुराद माजलेलं. गावात त्याला कुणी नावसुद्धा ठेवलं नव्हतं, कारण नाव ठेवायला ते कुणाच्या कामाचं नव्हतं. हौसानं पाच चांगले जाड ठोंब निवडले. खाली आणले. तर सखाहरी ते बागेत लावू देईना. त्यानं तिसरी गाठ पुढं केली. साहेबांनी स्वतः आणलेलं असेल तेवढंच आत ठेवायचं.

 हौसानं झाडलोटीच्या जुडग्यातली गाडीची किल्ली काढली, साहेबांच्या गाडीचं दार उघडलं आणि पाचही ठोंब मागच्या सीटवर बसवले. पट्टा लावला. दार लावलं. दार उघडलं.

"आता कुठनं आलं ह्ये?"

"सायबाच्या गाडीतनं," सखाहरी म्हणाला आणि खड्डे घेऊ लागला.

कुणी विचारलं तर काय सांगायचं, हेही त्यानं विचारून घेतलं. हौसा म्हणाली, कुणी विचारणार नाही. मोठी माणसं आपल्याला विचारत नसतात, सांगत असतात. पण अगदीच कुणी विचारलं तरच बोलायचं, आपणहून नाही. या वेळी मात्र तिनं गाठ मारू दिली.

पाऊस लागला आणि गवत सुटलं. आपल्याच मातीतलं ते, त्याला ना एसी लागला ना सल्लागार. आषाढात कमरेला आलं, श्रावणात डोक्यावर गेलं. साहेब परतले तेव्हा पाचही ठोंबांना तुरे सुटायला लागले होते. साहेब बॅगा फाटकात टाकून तिकडं धावले. पानावरून हात फिरवला तर बोट कापलं. पंपासचं पान हाताला कापतं असं पुस्तकात लिहिलेलं होतं. साहेबांनी रक्त नलिनीबाईंना नेऊन दाखवलं आणि म्हणाले, बघ, अस्सल आहे. त्यांचे डोळे भरून आले होते.

मग साहेबांना बोलण्याचं वेडच लागलं. येईल जाईल त्याला पंपाससमोर उभं करायचे. दक्षिण अमेरिकेतली हवा, तिथली माती, तिथलं ऊन. असलं देखणं गवत आपल्या डोंगरात उगवायचं नाही, म्हणायचे, त्याला जातिवंत माती लागते. हे बोलताना त्यांची पाठ डोंगराकडं असायची. डोंगर आश्विनात ओढ्यापासून माथ्यापर्यंत पांढऱ्या तुऱ्यांनी भरला होता. ऐकणारेही मान डोलवायचे. त्यांतल्या निम्म्या माणसांनी लहानपणी त्याच डोंगरावर गुरं राखलेली होती. घोरपडे वकिलांनी खिडकीला पडदा लावला.

चषकाचा दिवस उजाडला. मंडळाचे अध्यक्ष प्राध्यापक रणसिंग आले. त्यांनी उभा जन्म वनस्पतिशास्त्र शिकवलं होतं आणि खिशात भिंग असायचं. बरोबर चिटणीस मधुसूदनराव होते. त्यांनी पाण्याची बाटली आणली होती, डोक्यावर टोपी होती, आणि सखाहरी दिसला की ते अध्यक्षांच्या पलीकडच्या अंगाला जायचे. एक फोटोवाला होता. हौसा चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ट्रेमधल्या कपबशा वाजत होत्या.

अध्यक्ष पंपासपाशी आले. भिंग काढलं. तुरा पाहिला, पान पाहिलं, पानाची कड पाहिली.  अध्यक्षांनी भिंग खिशात ठेवलं आणि म्हणाले की परदेशी वाण आपल्याकडं इतका अस्सल उतरलेला त्यांनी आजवर पाहिला नव्हता. तसं त्यांनी कागदावर लिहिलं, खाली सही केली. चषक साहेबांच्या हातात आला. हौसाच्या कपबशा वाजायच्या थांबल्या. तिनं बंगल्यामागच्या खोलीकडं पाहिलं. खिडकीला पडदा कसला लावावा, इथपर्यंत तिचं मन जाऊन पोचलं.

मग सगळे ओसरीवर खुर्च्या टाकून बसले. अध्यक्ष भाषणाला उभे राहिले. समोर साहेब, पंपास आणि बाग सगळ्यांच्या पाठीमागं, आणि त्याच्याही मागं डोंगर. अध्यक्षांनी पंपासची स्तुती केली, मग त्यांची नजर वर गेली. त्यांना एकच गोष्ट खटकत होती, ते म्हणाले. ह्या देखण्या पंपासमागं तो डोंगर, आणि त्यावर माजलेलं ते रानटी गवत. "त्या डोंगरावरचं गवत एकदा मुळासकट उपटून काढलं पाहिजे. मग ह्या पंपासचं तेज दिसेल."

साहेबांनी जोरात टाळ्या वाजवल्या. सखाहरी कोपऱ्यात उभा होता. हे मंडळाच्या माणसाच्या तोंडून निघालेलं होतं. त्यानं दुहेरी गाठ चाचपली. लगेच, जागच्या जागी, विचारायला यायचं नाही. तो मागच्या मागं निघाला. हौसानं पाहिलं, पण तिच्या हातात ट्रे होता आणि अध्यक्ष अजून बोलत होते.

अध्यक्ष पंधरा मिनिटं बोलले. मग फोटोवाला म्हणाला, चला, चषक घेऊन पंपाससमोर उभे राहा. साहेबांनी सदरा खाली ओढला, चषक छातीशी धरला आणि सगळे वळले.

मागच्या कडेला पाच खड्डे होते. खड्ड्यांशेजारी सखाहरी गवताचा भारा बांधत होता. पांढरे तुरे भाऱ्याच्या एका अंगाला नीट आले होते.

 अध्यक्षांनी विचारलं, "अरे, हे काय उपटलंस?"

सखाहरीनं हौसाकडं पाहिलं. विचारलं होतं. आता बोलायला हरकत नव्हती.

"डोंगरावरचं गवत," तो म्हणाला. "तुमीच म्हनला न्हवं का, डोंगरावरचं मुळासकट काढाय पायजे. ह्ये पाच ठोंब ओढ्याच्या वरल्या अंगाचं. डोंगर लई मोठा हाय. म्हनलं, जवळचं आधी घ्यावं."

 अध्यक्षांनी डोंगराकडं पाहिलं, भाऱ्याकडं पाहिलं, पुन्हा डोंगराकडं पाहिलं. खिशातलं भिंग काढलं आणि न वापरताच परत ठेवलं. मग त्यांनी तो सही केलेला कागद साहेबांकडून मागून घेतला, चार घड्या घातल्या आणि स्वतःच्या कोटाच्या अगदी आतल्या खिशात टाकला. मधुसूदनराव हसायला लागले. दिवाळीपासून साठलेलं हसू होतं, आवरेना. हसता हसताच त्यांनी साहेबांच्या हातातून चषक सोडवून घेतला. साहेबांची बोटं एकेक करून उलगडावी लागली.

चषक घोरपडे वकिलांकडं गेला, चौथ्यांदा. त्यांच्या बागेतली हिरवळ प्लास्टिकची होती. पण अर्जात त्यांनी तसं लिहून दिलं होतं, आणि मंडळाला त्या दिवशी खरं बोलणाऱ्या माणसाची फार गरज होती.

हौसानं ट्रे ओसरीवर ठेवला, पदर खोचला आणि फाटकातून बाहेर पडली. भावाच्या गावाची वाट डावीकडं होती. ती डावीकडं वळली.

सखाहरीनं भारा डोक्यावर घेतला. साहेब रिकामे हात छातीशी धरून तसेच उभे होते. त्यांना विचारायचं नाही, हे सखाहरीला ठाऊक होतं. पण उन्हं कलली होती आणि काम फार उरलं होतं.

"सायेब," तो म्हणाला, "ऱ्हायलेला डोंगर उद्या केला तर चालंल?"